अपील केले तर शिक्षा वाढेल का?

सत्र न्यायालयाने खुनाच्या प्रयत्नाबद्दल नवऱ्याला ७ वर्षांची सक्तमजुरी सुनावल्यावर सातारा जिल्ह्यातील एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. पहिलाच गुन्हा, लहान मुले, थकलेले सासू-सासरे, हे सगळे वकिलांनी सांगूनही न्यायाधीशांनी शिक्षा कमी करण्यास नकार दिला होता. "ताई, त्याच साहेबांकडे पुन्हा अर्ज करू का? आणि वर गेलो अन् शिक्षा वाढली तर?" त्यांनी विचारले.

सही झालेला निकाल, लेखनातली चूक वगळता, त्या न्यायालयाला बदलता येत नाही. त्यामुळे पहिला मार्ग बंदच होता. दुसरी भीती मला अधिक छळते, कारण तिच्यापायी कितीतरी कुटुंबे मुदत घालवून बसतात. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. ती वाढावी म्हणून सरकार पक्षाने वेगळे अपील केले, तर तो प्रश्न उभा राहू शकतो, आणि तेव्हाही आरोपीचे म्हणणे ऐकावेच लागते. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत मात्र ६० दिवसांची असते. निकालाची नक्कल, म्हणजे प्रमाणित प्रत, मिळायला लागलेला काळ त्यातून वगळतात.

निकालाच्या प्रतीत बाईंनी शेवटचा, शिक्षेविषयीचा परिच्छेद तेवढा पेनाने अधोरेखित केला होता. मी त्यांना मागची, डॉक्टरांच्या साक्षीची पाने उघडून दाखवली. जखमा कुठे होत्या, किती खोल होत्या, शस्त्र कोणते होते, यावरून जिवे मारण्याचा हेतू सिद्ध होतो की गुन्हा गंभीर दुखापतीचा ठरतो, हे अपिलात नव्याने तपासले जाते, आणि गुन्ह्याचे कलमच बदलले तर शिक्षाही खाली येऊ शकते. घरची अडचण न्यायाधीशांनी ऐकली नाही म्हणून सगळे संपले, असे मानणाऱ्यांना हा भाग कुणी समजावूनच सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

अपिलाचा निकाल लागायला वर्षे जाऊ शकतात, म्हणून त्यासोबतच शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा असा अर्ज द्यावा. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत, अपवादात्मक कारण नसेल तर, अशा अर्जाकडे उदारपणे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये भगवान रामा शिंदे गोसाई खटल्यात म्हटले आहे. नवऱ्याने कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवसही शिक्षेतून वजा होतात. वकिलासाठी मंगळसूत्र मोडायची त्यांची तयारी होती. परंतु कोठडीतील व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

नवऱ्याची वकीलपत्रावर सही कारागृहातच झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचसमोर अपील मुदतीत दाखल झाले असून स्थगितीच्या अर्जावर सुनावणी व्हायची आहे.