गिझर दिवसभर चालू का असतो?

"मुलगा म्हणतो, गांजा झाडपाल्याचा, दारू-सिगारेटपेक्षा बरा. खरंच का हो?" आईवडिलांचा हा प्रश्न मी सतत ऐकते. म्हणून अमेयची हकीकत सांगते. नाव आणि तपशील बदलले आहेत.

वय 22. वर्षभर अधूनमधून उलट्यांचे झटके, पोटात कळा. पित्ताच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. 'टेन्शन असेल' म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं. आम्ही तीन भेटी परीक्षेबद्दलच बोलत राहिलो. मग आई सहज म्हणाली, "दिवसातून पाचदा कढत पाण्याने आंघोळ करतो. त्यानेच बरं वाटतं म्हणे."

मी आईंना बाहेर बसायला सांगितलं.

"रोज गांजा घेतोस?"

तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. "तीन वर्षं. पण त्याने तर मळमळ थांबते."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यांनी तंबाखू, दारू विचारलं. मी घेत नाही, तर नाही म्हटलं. शेजारी आई होती."

तो खोटं बोललाच नव्हता! मी उपदेशापेक्षा प्रश्नावर विश्वास ठेवते, तो यासाठीच.

गांज्याने मळमळ शमते हे खरं. पण वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना त्यानेच उलट्या सुरू होतात, आणि कढत पाण्याने आराम पडतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. अमेय उलटी झाली की आणखी ओढायचा. माझी चिठ्ठी घेऊन तो डॉक्टरांकडे गेला, निदान पक्कं झालं.

सोडल्यावर दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, नुसती चिडचिड. "बघा, मला गांजा लागतोच," तो म्हणाला.

"की गांजा सुटतोय, म्हणून हे होतंय?"

त्यावर तो गप्प झाला. पुढच्या भेटीत म्हणाला, "रात्री तोच प्रश्न आठवला. नाही ओढला."

फॅमिली डॉक्टरांना माझी विनंती आहे: पालकांना बाहेर बसवा आणि 'गांजा' हा शब्द उच्चारून विचारा. कितव्या वर्षापासून, आठवड्यातून किती दिवस? न जाणारा खोकला, छातीत धडधड, उगाच संशय, कुणी नसताना कानात बोलण्याचे आवाज, घरात कुणाला मानसिक आजार, हेही विचारा. कोवळ्या वयात सुरुवात झाली असेल तर धोका अधिक. गरोदर बाईलाही विचारायला संकोचू नका.

आणि घरच्यांनो, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी होत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि गिझर त्यावर उपाय नाही.