युद्धात बायका होत्या, मग नावं कुठे गेली?

तुम्ही विचारलंय की नर्स सोडल्या तर युद्धात बायका नक्की करत काय होत्या आणि केलं असेल तर इतिहासात दिसत का नाही. केलं हो, भरपूर केलं. माझं मत विचाराल तर त्यांची नावं रणांगणावर नाही, युद्ध संपल्यावर ऑफिसात गळली, कागदावर त्यांना कशात धरायचं त्या भानगडीत.

पहिल्या महायुद्धातलं बघा. फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्याला फोन जोडून द्यायला धड माणसं मिळेनात, सैनिकांना ते स्विचबोर्ड झेपत नव्हते, म्हणून तिथल्या अमेरिकन सैन्याचा प्रमुख जनरल पर्शिंगने १९१७ मध्ये फ्रेंच आणि इंग्लिश दोन्ही येणाऱ्या ऑपरेटर बायका मागवल्या. दोनशेच्या वर गेल्या. शपथ, गणवेश, लष्करी शिस्त, सगळं रीतसर. १९१८ च्या मोठ्या लढाईत तर आघाडीच्या जवळ बसून, तोफा धडाडत असताना हल्ल्याचे हुकूम याच पोचवत होत्या, त्यांच्या प्रमुख ग्रेस बँकरला सैन्याचं पदकसुद्धा मिळालं. आणि घरी आल्यावर काय सांगितलं? तुम्ही सैन्यात नव्हतातच, साध्या नागरिक कर्मचारी होतात! म्हणजे माजी सैनिकाच्या सवलती नाहीत, काही नाही. मर्ल इगन अँडरसन त्यातलीच एक, ती कित्येक दशकं सरकारशी भांडत राहिली. त्यांना माजी सैनिक मानणारा कायदा झाला १९७७ मध्ये, जवळजवळ साठ वर्षांनी, तोवर बहुतेक जणी वारल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात परत तेच. अमेरिकेत १०७४ बायका ट्रेनिंग पुरं करून लष्कराची विमानं उडवायला लागल्या, कारखान्यातून तळावर नेणं, आणि तोफखान्याच्या सरावासाठी मागे कापडी टार्गेट बांधून उडणं (खालून खऱ्या गोळ्या, हे लक्षात घ्या). ३८ जणींचा जीव गेला. पण कागदावर नागरिक, म्हणून लष्करी अंत्यसंस्कार नाहीत, प्रेत घरी पाठवायला मैत्रिणी वर्गणी काढायच्या. यांनाही मान्यता त्याच १९७७ च्या कायद्याने.

आणि ज्यांच्यावर अत्याचार झाले त्यांचं तर विचारूच नका, तिथे स्वतःहून बोलणंच अवघड, घरचेच गप्प बसवतात. त्याच महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याने कोरियातल्या आणि इतर देशांतल्या मुलींना सैनिकांसाठी कोंडून ठेवलं होतं, नाव काय दिलं तर 'कम्फर्ट वुमन', म्हणजे दिलासा देणारी बाई. १९९० मध्येही जपान सरकार म्हणत होतं की हे खाजगी लोकांचं काम. त्यावर चिडून किम हाक-सून या कोरियन आजींनी ऑगस्ट १९९१ मध्ये स्वतःच्या नावानिशी, चेहरा न लपवता सगळं सांगितलं आणि मग इतर जणी पुढे आल्या. जानेवारी १९९२ मध्ये योशिमी योशिआकी या इतिहासकाराने सैन्याचा हात दाखवणारे कागद लोकांसमोर आणले. ते जपानच्या संरक्षण खात्याच्याच लायब्ररीत होते.