पार्कच्या आदल्या दिवशी काय बघायचं?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कोल्हापुरातून गाड्या तीन वाटांना लागतात: खोपोली, बेंगळुरू नाहीतर हैदराबाद. मुलांना तिथला मनोरंजन पार्क हवा असतो, आजीआजोबांना देवदर्शन, आणि आईवडिलांना वाटत असतं की एवढा खर्च करतोय तर एखादी बघण्यासारखी जागाही बघून व्हावी. गेली अठरा वर्षं मी अशा सहली आखून देते. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

राजारामपुरीतल्या एक ताई विचारतात: आम्ही दोघं, अकरा आणि सहा वर्षांची मुलं आणि सासू-सासरे असे खोपोलीच्या इमॅजिकाला निघालो आहोत. पार्कला एक दिवस ठेवलाय, नंतरचा दिवस मोकळा आहे. त्या दिवशी काय दाखवावं?

ताई, आधी तो मोकळा दिवस पार्कच्या नंतरचा काढून पार्कच्या आधीचा करा. पार्कमधून बाहेर पडलेलं मूल दुसऱ्या दिवशी कुठलंच लेणं बघत नाही. पाय गळालेले असतात, ओरडून घसा बसलेला असतो आणि प्रत्येक जागा कालच्या झुल्याशी ताडून बघितली जाते. तेच मूल आदल्या दिवशी ताजंतवानं असतं. उद्या पार्क आहे या आनंदात दोनशे पायऱ्याही चढतं. आजवर आखलेल्या सहलींमधून मला एवढं एक पक्कं कळलं आहे.

पहाटे सहाला निघालात तर नाश्त्याच्या सुमाराला सातारा ओलांडाल. तिथून पुण्याकडे जाताना महामार्गापासून अगदी जवळ लिंब गाव आहे. तिथली बारा मोटेची विहीर मुलांना नक्की दाखवा. १७१९ ते १७२४ या काळात, साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, विरुबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. सुमारे ११० फूट खोल, ५० फूट रुंद, आणि वरून बघितली तर शिवपिंडीच्या आकाराची. जिन्याने खाली उतरत गेलं की विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल लागतो. बाहेर ऊन तापलेलं असलं तरी आत दगड गार लागतो. मागे एका कुटुंबासोबत मी गेले होते. त्यांच्यातल्या सहा वर्षांच्या पोराने वरची थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी ओतायच्या जागा, मोजली, ती पंधरा भरली. "मग बारा मोटेची का म्हणतात?" असं तो दिवसभर सगळ्यांना विचारत होता. थारोळी पंधराच आहेत, पण मोटा बारा चालायच्या. हे उत्तर तुमच्या मुलांना आधी सांगू नका, त्यांना मोजू द्या.

दुपारनंतर कार्ल्याची लेणी. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यामुळे सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना चढवू नका. वरचं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनेचं दालन, देशातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह आहे. छताला आजही लाकडी कमानी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. शेजारीच एकवीरेचं देऊळ असल्यामुळे सुट्टीत रांग मोठी असते. लेणी पाच वाजता बंद होतात, तेव्हा चारच्या आत वर पोचायला हवं. उशीर झालाच तर लेणी सोडून द्या, धावतपळत बघण्यात अर्थ नाही.

पार्कच्या दिवशी सगळ्यांनी आत जायलाच हवं असंही नाही. सासू-सासऱ्यांना सकाळी गाडीने महडच्या वरदविनायकाला पाठवा. अष्टविनायकातलं हे स्थान खोपोलीजवळच आहे. चालकाला मात्र 'महड' असं नीट सांगा. 'महाड' ऐकलं तर तो रायगडाच्या बाजूला गाडी घालेल.

आणि धाकट्याची उंची घरीच मोजून घ्या. कुठल्या झुल्याला किती उंची लागते ते पार्कच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. झुल्याच्या दारात पोचल्यावर पट्टीखाली उभं करून मागे पाठवलेलं मूल बघवत नाही. जे चालणार नाही ते घरूनच सांगून ठेवा.

इचलकरंजीहून एक वाचक: चार दिवसांत स्वतःच्या गाडीने हैदराबाद करायचं आहे. यादी अशी: तुळजापूर, अक्कलकोट, रामोजी फिल्म सिटी, गोवळकोंडा, चारमिनार, सालारजंग संग्रहालय, प्राणिसंग्रहालय. काही राहिलं का?

राहिलं काहीच नाही, उलट जास्त झालं. जाण्यात एक दिवस, येण्यात एक दिवस आणि फिल्म सिटीला पूर्ण एक दिवस. म्हणजे हातात एकच दिवस उरतो. त्यात सकाळी गोवळकोंडा आणि संध्याकाळी चारमिनार, एवढंच करा. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात टाळी वाजवली की ती वर किल्ल्याच्या माथ्यावरच्या बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. घरातली अर्धी माणसं खाली ठेवा, अर्धी वर पाठवा आणि स्वतः करून बघा. मुलं टाळ्या वाजवून हात लाल करतील, पण ध्वनी कसा प्रवास करतो हे पुस्तकाशिवाय शिकतील. सालारजंग ठेवायचंच असेल तर शुक्रवार सोडून, त्या दिवशी ते बंद असतं.

जाताना थांबा एकच घ्या, नळदुर्ग. सोलापूर सोडलं की हैदराबादच्या रस्त्यालाच आहे. बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. पाऊस चांगला झाला असेल तर बांधावरून 'नर' आणि 'मादी' असे दोन धबधबे पडतात आणि महालाच्या खिडकीतून समोर पाण्याचा पडदा दिसतो. तुळजापूर इथून जवळ आहे, दर्शन घ्यायचं तर परतीच्या दिवशी. अक्कलकोटला वेगळे जा. घाईत केलेलं दर्शन घरातल्या मोठ्यांनाच रुचणार नाही.

जयसिंगपूरहून: मुलीला गाडी लागते. घाटात प्रत्येक वेळी थांबावं लागतं.

निघताना पोटभर खायला देऊ नका आणि उपाशीही ठेवू नका. एखादी भाकरी किंवा कोरडी पोळी पुरे. मोबाइल हातात नको, नजर समोरच्या रस्त्यावर हवी, काच थोडी उघडी. आलेपाकाची वडी जवळ ठेवा. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतले, एक वडील: मुलगा चौदा वर्षांचा आहे. बेंगळुरूच्या वंडरला पार्कला यायला तयार आहे, पण बाकी काही दाखवायचं म्हटलं की मोबाइलमधून मान वर काढत नाही.

दादा, चौदाव्या वर्षी 'चल, दाखवतो' म्हटलेलं कुणालाच आवडत नाही. त्याच्याकडे काम सोपवा. बेंगळुरूच्या वाटेवर महामार्गालगतच चित्रदुर्ग आहे. तो किल्ला फिरवण्याची जबाबदारी त्याची, आदल्या रात्री वाचून यायचं आणि सगळ्यांना सांगायचं, एवढंच सांगा. तिथे ओबव्वाची खिंड आहे. हैदरअलीचे शिपाई त्या फटीतून एकेक करून आत शिरत होते आणि पहारेकऱ्याची बायको ओबव्वा मुसळाने एकेकाला लोळवत होती, अशी कथा आहे. कानडीत मुसळाला 'ओनके' म्हणतात, म्हणून ती ओनके ओबव्वा. फट इतकी अरुंद आहे की अंग चोरून जावं लागतं. त्या फटीतून स्वतः गेलेला मुलगा मोबाइल विसरतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी जागा खास तुमच्यासाठी. वंडरला म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ आहे. त्याच रस्त्याने पुढे चन्नपट्टण लागतं, लाकडी खेळण्यांचं गाव. आपल्या सावंतवाडीसारखंच, पण इथली कला लेथवरची, म्हणजे लाकूड गरगर फिरवून घडवणाऱ्या यंत्रावरची आहे. लाकूड फिरत असतानाच कारागीर त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याचं पान दाबून चकाकी आणतात. तुमचा मुलगा लोखंडाचा लेथ रोज बघतो. तिथे त्याला तेच यंत्र भोवरा घडवताना दिसेल, आणि तुम्हा दोघांना बोलायला आपोआप विषय मिळेल.

गारगोटीहून एक आजी: पुण्याची नातवंडं दिवाळीला येतात आणि वॉटरपार्क सोडून काही बोलत नाहीत. मला त्यांना आपला मुलूख दाखवायचा आहे. कसं जमवू?

आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वॉटरपार्कला नाही म्हणू नका, तो शेवटच्या दिवशी ठेवा आणि पहिले दोन दिवस तुमच्या हातात घ्या.

एक दिवस कणेरी मठाचा. सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात खऱ्या माणसाएवढे पुतळे आहेत: लोहार, कुंभार, न्हावी, जात्यावर बसलेली बाई, विहिरीवरची मोट. पाटी वाचत फिरलात तर तासाभरात मुलं कंटाळतील. तुम्ही स्वतः जे केलंय त्यापाशी थांबा. जात्यापाशी उभं राहून खुंटा कसा धरायचा ते दाखवा आणि तुमच्या आईची एखादी ओवी म्हणा. तिथे तिकीट काढून मिळत नाही ते तुमच्याकडे आहे.

खिद्रापूर तुम्हाला लांब पडेल, पण प्रवास झेपत असेल तर कोपेश्वराचं देऊळ सोडू नका. तिथल्या स्वर्गमंडपात ४८ खांब आहेत आणि मधोमध छत गोलाकार उघडं. बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा. नातवंडांना तिच्यावर उभं करून वर बघायला सांगा, आभाळाचा गोल तुकडा दिसतो. महादेवाच्या या देवळात समोर नंदी नाही. तो कर्नाटकात यडूरला आहे. का, ते पुजाऱ्यांकडून ऐकण्यात जास्त गोडी आहे.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ. दिवाळीत हंगाम सुरू झालेला असतो आणि तुमच्या भागात ओळखीचा गुऱ्हाळवाला असेलच. सकाळी लवकर जा. चुलवाणात, म्हणजे मोठ्या चुलीत, उसाची चिपाडं सारली जातात, काहिलीतला, म्हणजे वरच्या मोठ्या कढईतला, रस हिरवट असतो. वर मळी येते, ती काढत राहतात. मग रंग सोनेरी होतो आणि फेस मोठ्या बुडबुड्यांनी उसळतो. गूळ करणारा गुळव्या थोडासा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. ती जमली की सगळी धावपळ, काहिल उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या खोलगट जागेत, रिकामी. या घाईच्या वेळी मुलांना हाताशी घट्ट धरा, पाक अंगावर उडाला तर भाजतं. वाफ्यात गूळ घोटत असताना उसाच्या कांडक्याला लावून तो गरम गरम खाऊ घाला. पुण्यात तो कितीही पैसे दिले तरी मिळायचा नाही.

जाताना घट्ट झाकणाची स्टीलची बरणी घेऊन जा. काकवी, म्हणजे उसाचा दाट पाक, गरम भरतात, प्लास्टिकच्या बाटलीत नको. भाकरीबरोबर संध्याकाळी तीच वाढा.