तुमचे आजोबा 1971 च्या लढाईत होते, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये. घरी एक शब्द बोलत नाहीत. त्यांना बोलतं कसं करायचं?

"बोलत नाही म्हणजे कुठेतरी मागे लंगरमध्ये असेल," म्हणणारे नातेवाईक मला अजिबात सहन होत नाहीत. लंगरवाला, म्हणजे फौजेचा स्वयंपाकी, तोही पलटणीबरोबरच नदी ओलांडतो.

पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटण, म्हणजे जमालपूर, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, आजच्या बांगलादेशातलं शहर. डिसेंबरात ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेला, शत्रूच्या पाठीमागे जाऊन बसली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याची चिठ्ठी पाठवली, तर शहरातल्या पाकिस्तानी पलटणीच्या, 31 बलूचच्या, कर्नल सुलतान अहमदनी उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. हा किस्सा सगळे सांगतात. पण तो साहेबांचा किस्सा. जवानाच्या वाट्याला आली 10 डिसेंबरची रात्र. बलूच अंधारात, मराठे बसले होते त्याच रस्त्याने निसटायला निघाले, मराठ्यांनी त्यांना अगदी जवळ येऊ दिलं आणि मग फायर उघडला. उजाडलं तेव्हा तिथे दोनशेहून जास्त प्रेतं होती. हे नातवाला जेवता जेवता कसं सांगणार?

म्हणून "किती मारले?" कधीच विचारू नका. हातापायांचं विचारा: कंपनी कुठली, हातात एसएलआर रायफल की एलएमजी (हलकी मशीनगन), पाठीवर काय काय होतं, नदीत पाणी कुठवर होतं. एका बैठकीत दोन प्रश्न पुरेत. रेकॉर्डिंगला फोन समोर ठेवला की रिपोर्ट दिल्यासारखं तारीखवार सांगून मोकळे होतात. संध्याकाळी विषय काढू नका, पुढची रात्र त्यांना काढायची असते. सकाळी शेताकडे चालताना बरं. त्याहून बरं म्हणजे त्यांच्याच कंपनीतला कुणी हयात असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा, दोघांना बसवा आणि तुम्ही चहा ठेवून निघून जा.

आधी ट्रंक उघडा, त्यांना विचारूनच. 'पूर्वी स्टार' हे पदक असेल तर पूर्व आघाडी नक्की. संग्राम मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर तो नंबर घेऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा.

"एकदा बोललं की मन मोकळं होतं" हे सरसकट खरं नाही. झोपेत ओरडत असतील, दचकून उठत असतील, तर वरचं सगळं थांबवा. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतं. कार्ड नसेल तर आधी ते काढा.