डिंकाचं जेल आधी बोअरच्या पाण्यात तपासा

प्रश्न (महूजवळचे एक बागायतदार): मुळांशी ओल धरून ठेवायला गवारगमची (गवारीच्या बियांच्या डिंकाची) पावडर बोरॅक्सच्या (टाकणखाराच्या) पाण्यात कालवून जेल केलं. घट्ट झालं. मुरमाड तुकड्यात पेरूच्या रोपांना आळ्यात घातलं, पण पाणी दिल्यावर आठवड्याभरात नुसता बुळबुळीत चोथा राहिला. आता बाभळीचा डिंक घेऊ का?

उत्तर: नको. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळून जातो, तो लाडवातच बरा. तसा गवारगमही विरघळतोच. त्याच्या लांब धाग्यांना एकमेकांशी गाठी मारल्या, तरच जाळं होऊन पाणी अडकतं. बोरॅक्स गाठी मारतो, पण त्या सरकगाठी. भरपूर पाणी मिळालं की सुटतात. सुटलेला डिंक मातीतले जीवाणू खाऊन टाकतात. शिवाय बोरॅक्समध्ये सुमारे ११ टक्के बोरॉन असतं. आळ्यात ते साचलं तर पानांच्या कडा करपतात, म्हणून हा प्रयोग रोपांवर पुन्हा नको.

विकतच्या जेलमध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजपासून केलेलं आहे. मात्रा एकरी १ ते २ किलो. ते वजनाच्या ३५० पट पाणी धरतं, पण शुद्ध पाण्यात! बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम जेलचे धागे आवळून धरतं आणि फुगणं बरंच घटतं. मीही एकदा आरओच्या पाण्यात तपासून खूश झालो होतो. बोअरच्या बादलीत तेच जेल मरगळलं.

तेव्हा कुठलंही जेल घ्या, आधी हे करा. नायलॉनच्या जुन्या ओढणीच्या दोन सारख्या पुरचुंड्या शिवा. एकीत १ ग्रॅम कोरडं जेल, दुसरी रिकामी. दोन्ही २४ तास तुमच्याच बोअरच्या पाण्यात ठेवा, मग १५ मिनिटं दोरीला टांगा. सोनाराकडच्यासारख्या बारीक काट्यावर तोला. भरलेली ८४ ग्रॅम आणि रिकामी ३ भरली, तर फुगलेलं जेल ८१. त्यातून कोरडा १ ग्रॅम वजा, म्हणजे ८० पट. टांगल्यावर तार सुटून चिकट थेंब गळले, तर गाठी कच्च्या. तीच पुरचुंडी सावलीत वाळवून पुन्हा भिजवा. तिसऱ्या खेपेलाही फुगली, तरच पैसे घाला.

सोयाबीनच्या काळ्या रानात मात्र खर्च करू नका. ती माती मुळातच पाणी धरून ठेवते. तुमच्या मुरमाड तुकड्यात जेल मुळांजवळ, १० ते १५ सेंटिमीटर खोल, मातीत कालवून द्या. वर पसरलं तर उन्हात वाळून पापुद्रा होतो. आणि पाण्याची पाळी चुकवू नका, जेल दिलेलंच पाणी धरतं.