सरकार 'ध्वनिलहरी' विकते का?

तासगावच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, 'सरकारने ध्वनिलहरी विकल्या' असे वाक्य विद्यार्थी निबंधात लिहितात आणि वर्तमानपत्रांतही 'ध्वनिलहरींचा लिलाव' असे छापून येते, तर हा प्रयोग ग्राह्य धरावा का, आणि 'विक्री'ऐवजी 'वाटप' म्हटले तर चालेल का.

मोबाइल कंपन्यांना सरकार ज्या लहरी वापरायला देते, त्यांच्यासाठी 'ध्वनिलहरी' हा शब्द वापरू नये. ध्वनीला हवा, पाणी असे काही माध्यम लागते आणि हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर एवढेच अंतर कापतो. मोबाइलच्या मनोऱ्यावरून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींना माध्यम लागत नाही आणि त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. रेडिओवर आवाज ऐकू येतो, म्हणून त्याच्या लहरीही ध्वनीच्याच, असा समज होऊन हा शब्द रुळला असावा. वास्तविक आकाशवाणीच्या सांगली केंद्राचा '१२५१ किलोहर्ट्झ' हा आकडा सांगताना त्याला 'मध्यम लहरी' म्हणण्याची आपली जुनी रीत अचूक होती. त्याच धर्तीवर 'रेडिओलहरी' म्हणावे. अशा लहरींच्या वारंवारतांच्या पट्ट्याला इंग्रजीत 'स्पेक्ट्रम' म्हणतात; त्यासाठी 'वर्णपट' न वापरता तो शब्द प्रकाशाच्या रंगांसाठीच राहू द्यावा आणि धोरणाविषयी लिहिताना सरळ 'स्पेक्ट्रम' लिहावे.

'विकल्या' हे क्रियापद मात्र याहून अधिक दिशाभूल करते. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात म्हटले होते. २०२३च्या दूरसंचार कायद्यानेही केंद्र सरकारला जनतेच्या वतीने स्पेक्ट्रमचे मालक मानले आहे. २०२२च्या लिलावात कंपन्यांना मिळाला तो २० वर्षांचा वापरहक्क. म्हणजे 'लिलाव' या शब्दात काही खोट नाही (तो आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, हे जाता जाता). ग्रामपंचायतीने गायरानातल्या चिंचांचा लिलाव केला म्हणून झाडे कोणी आपल्या नावावर झाली असे समजत नाही. तेवढाच अर्थ येथे घ्यावा.

'वाटप' म्हणजे फुकट देणे नव्हे, पण मराठीत त्याला खाऊवाटपाची, धान्यवाटपाची छटा चिकटली आहे आणि स्पेक्ट्रमच्या बाबतीत तर तो शब्द बदनामच झाला, कारण २००८ साली लिलावाविना दिलेले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२मध्ये रद्द केले. त्याच वर्षी राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना, प्रत्येक नैसर्गिक साधनसंपत्ती लिलावानेच द्यावी असे बंधन राज्यघटनेत नाही, असेही न्यायालयाने सांगितले, हा भाग सहसा विसरला जातो. नव्या कायद्यात लिलाव हाच मुख्य मार्ग असून संरक्षण, उपग्रहाद्वारे दिल्या जाणाऱ्या काही सेवा अशा परिशिष्टात नोंदलेल्या कामांसाठी लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने स्पेक्ट्रम देण्याची तरतूद आहे, आणि तेथेही शुल्क आकारता येते. या दुसऱ्या मार्गासाठी 'नेमून देणे' हा साधा प्रयोग मला 'वाटपा'पेक्षा सरस वाटतो.

तेव्हा निबंधातले ते वाक्य 'सरकारने स्पेक्ट्रमच्या वापरहक्काचा लिलाव केला' असे दुरुस्त करावे. मुले लहान असतील, तर 'स्पेक्ट्रम'च्या जागी 'रेडिओलहरी' म्हटले तरी हरकत नाही.