मूत्रमार्ग पूर्ण न तोडता स्ट्रिक्चरची शस्त्रक्रिया केल्याने खरोखर फरक पडतो का?

आपण लिहिले आहे की आपल्या भावाला, वय ३४, एका मोठ्या आजारपणात बरेच दिवस कॅथेटर होता आणि त्यानंतर बल्बर मूत्रमार्गात, म्हणजे वृषणांच्या मागच्या भागात, सुमारे दीड सेंटीमीटरचे स्ट्रिक्चर (व्रणामुळे नळी अरुंद होणे) झाले. दुर्बिणीतून दोनदा काप घेऊनही काही महिन्यांतच लघवीची धार पुन्हा बारीक झाली. आता एक सर्जन अरुंद भाग कापून काढून दोन टोके जोडायला सांगतात, तर दुसरे मूत्रमार्ग पूर्ण न तोडता, रक्तपुरवठा राखून दुरुस्ती करू म्हणतात. मी युरॉलॉजिस्ट आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग याच शस्त्रक्रियांचा आहे. या दोन पद्धतींत फरक निश्चित आहे. तो कोठे पडतो हे कळले तर निर्णय सोपा होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुरुषाच्या मूत्रमार्गाभोवती कॉर्पस स्पंजिओसम नावाचे मऊ, सच्छिद्र आणि रक्ताने भरलेले आवरण असते आणि आतल्या नाजूक अस्तराचे पोषण त्यातूनच होते. कॅथेटरच्या दाबाने, माराने, संसर्गाने किंवा लायकेन स्क्लेरोसससारख्या त्वचेच्या विकाराने अस्तराला इजा झाली, की ती भरून येताना आवरणातही तंतुमय व्रण तयार होतो, त्यातली रक्ताची पोकळी बुजते आणि नळी आवळली जाते. दुर्बिणीतून घेतलेला काप याच व्रणातून जातो. व्रण जागेवरच राहतो आणि भरताना पुन्हा आकसतो. लहान बल्बर स्ट्रिक्चरसाठी पहिल्या वेळी हा उपाय करून पाहणे रास्त असते, परंतु दोनदा अपयश आल्यावर तिसऱ्यांदा तोच काप घ्यावा असे मी कोणालाही सुचवत नाही. आपल्या भावाला युरेथ्रोप्लास्टीची, म्हणजे छेद घेऊन मूत्रमार्ग दुरुस्त करण्याची, गरज आहे याबद्दल दोन्ही सर्जनांचे एकमत आहे आणि ते योग्य आहे.

आता रक्तपुरवठ्याकडे येतो. या आवरणाला रक्त दोन दिशांनी मिळते. मागच्या बाजूने बल्बर धमन्या मूत्रमार्गाच्या मुळाशी थेट आत शिरतात; पुढच्या बाजूने, शिश्नाच्या वरच्या अंगाने जाणाऱ्या धमन्यांचे रक्त शिश्नमुंडात पोहोचून तेथून उलट दिशेने मागे येते. ही दुहेरी सोय आहे म्हणूनच मूत्रमार्ग मधोमध तोडून जोडला तरी दोन्ही टोके जिवंत राहतात आणि ती जुनी शस्त्रक्रिया आजही उत्तम यश देते. मात्र तोडल्यानंतर पुढचा सगळा भाग एकट्या उलट्या प्रवाहावर अवलंबून राहतो. ज्याची लहानपणी हायपोस्पेडियासची (मूत्रमार्गाचे छिद्र जन्मतः खालच्या बाजूला असण्याची) शस्त्रक्रिया झालेली आहे किंवा ज्याच्या मूत्रमार्गात पुढेही दुसरे स्ट्रिक्चर आहे, त्याच्या बाबतीत हा प्रवाह आधीच कमजोर असू शकतो. शिवाय ज्या रुग्णाला पुढे कधी लघवी रोखण्यासाठी कृत्रिम स्फिंक्टर बसवावा लागेल, त्याच्या मूत्रमार्गाभोवती कायमची पट्टी येणार असते आणि तेव्हा मागच्या धमन्या शाबूत असणे फार मोलाचे ठरते. अमेरिकेतील सर्जन जेरल्ड जॉर्डन यांनी २००७ मध्ये बल्बर धमन्या बाजूला सारून, त्या न तोडता स्ट्रिक्चर काढण्याची पद्धत मांडली. पुढे लंडनच्या अँड्रिच आणि मंडी यांनी स्पंजिओसम न तोडण्याची रीत रूढ केली.

ती प्रत्यक्षात कशी होते ते सांगतो. वृषणांच्या मागे छेद घेऊन मूत्रमार्ग मोकळा करतात आणि त्याच्या पाठीच्या बाजूने, स्ट्रिक्चरच्या आरपार उभा उघडतात. भिंगाचा चष्मा लावून पाहिले की व्रण पांढुरका आणि चामड्यासारखा घट्ट दिसतो, कात्रीची धार लागली तरी तेथून रक्त येत नाही. आणि मग एका जागी कड गुलाबी होते, सुईच्या टोचण्याबरोबर लाल थेंब उमटतो. मी तेथे थांबतो, कारण टाके याच कडेवर टिकतात. दोन्हीकडे अशी कड मिळाल्यावर आतला व्रणाचा थर तेवढा सोलून काढतात, बाहेरचे स्पंजिओसम अखंड ठेवतात, अस्तराच्या निरोगी कडा एकमेकींना जोडतात आणि पाठीवरचा उभा छेद आडवा शिवतात. त्याने नळीची लांबी किंचित कमी होते, पण रुंदी वाढते. दीड सेंटीमीटरच्या स्ट्रिक्चरला हे सहज शक्य असते.

स्ट्रिक्चर लांब असेल तर गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा, म्हणजे ग्राफ्ट, लावतात. इटलीचे सर्जन बार्बाग्ली यांनी १९९६ मध्ये तो पाठीच्या बाजूने बसवण्याची पद्धत दिली. आग्र्याच्या असोपा यांनी २००१ मध्ये मूत्रमार्ग जागेवरून न उचलता पुढून उघडून तो आतून बसवला. आणि पुण्याच्या कुलकर्णी यांनी २००९ मध्ये मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवून दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि नसांना हातही न लावण्याची रीत मांडली. ग्राफ्टला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस तो खालच्या जागेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो आणि मग त्याच्या केशवाहिन्या तेथील केशवाहिन्यांशी जुळतात. म्हणून ग्राफ्ट किती चांगला आहे यापेक्षा तो कोणत्या जागेवर ठेवला आहे हे अधिक महत्त्वाचे, असे माझे मत आहे.

स्कँडिनेव्हियातील केंद्रांनी लहान बल्बर स्ट्रिक्चर असलेल्या पुरुषांवर यादृच्छिक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. एका गटात तोडून जोडले, दुसऱ्यात न तोडता गालाचा ग्राफ्ट लावला. स्ट्रिक्चर परत येण्याच्या प्रमाणात आणि लैंगिक ताठरतेच्या गुणांकात ठळक फरक आढळला नाही. परंतु ताठरतेच्या वेळी शिश्नमुंड पुरेसे न भरणे यासारख्या तक्रारी तोडलेल्या गटात अधिक होत्या. चौतिशीतल्या माणसाला ही बाब आधी स्पष्ट सांगितली गेलीच पाहिजे आणि ती अनेकदा सांगितली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तरीही रक्तपुरवठा राखण्याचा हट्ट प्रत्येक वेळी धरू नये. दांड्यावर दोन्ही पाय फाकून आदळलेल्या एका तरुणावर मी न तोडण्याच्या तयारीने शस्त्रक्रिया सुरू केली होती. मूत्रमार्ग उघडल्यावर दिसले की व्रण आवरणाच्या पूर्ण जाडीत आहे, राखण्यासारखा रक्तप्रवाह तेथे उरलेलाच नाही. तो भाग मी संपूर्ण कापून काढला आणि टोके जोडली. तेथे व्रण मागे ठेवणे चूक ठरली असती. कंबरेच्या हाडाच्या अस्थिभंगाने मूत्रमार्ग बुजला असेल तर तो बहुधा आधीच तुटलेला असतो, त्यामुळे तेथेही व्रण काढून जोडणे हाच मार्ग राहतो. कॅथेटरमुळे झालेल्या लहान स्ट्रिक्चरमध्ये मात्र स्पंजिओसमचा बराच भाग जिवंत असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून आपल्या भावाच्या बाबतीत माझा कल दुसऱ्या सर्जनांच्या सल्ल्याकडे आहे. त्यांना दोन गोष्टी अवश्य विचारा: उघडल्यावर व्रण पूर्ण जाडीचा निघाला तर ते काय करतील, आणि अशा शस्त्रक्रिया ते नियमित करतात का.

शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही दिशांनी डाय सोडून एक्स-रे काढलेले असावेत आणि शेवटच्या कापानंतर काही आठवडे मूत्रमार्गात कोणतेही उपकरण गेलेले नसावे, म्हणजे व्रणाची खरी लांबी कळते. नंतर साधारण दोन ते तीन आठवडे कॅथेटर राहतो आणि पुन्हा डायचा एक्स-रे काढून, कोठे गळती नाही याची खात्री झाल्यावर तो काढतात. शस्त्रक्रियेची वाट पाहण्याच्या काळात लघवी पूर्ण अडली तर रुग्णालयात लगेच जा आणि आधीची हकीगत आवर्जून सांगा. तेथे जोर लावून मूत्रमार्ग रुंदावण्याऐवजी ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवण्याची विनंती करा, कारण त्याने लघवीही सुटते आणि दुरुस्त करायच्या जागेला नवी इजाही होत नाही.